पाचोळा जाळण्याआधी: कुजण्याविषयीचे काही गैरसमज

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या इंदिरानगरातल्या कॉलन्यांत पानगळ सुरू झाली की सकाळच्या झाडलोटीनंतर कोपऱ्याकोपऱ्यावर पाल्याचे ढीग लागतात आणि त्यातल्या काहींना काडीही लागते. ‘राख म्हणजे खतच की,’ असं त्यावर सहज सांगितलं जातं. हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. राखेत पोटॅश आणि चुना उरतो, हे खरं. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीला जे सगळ्यात हवं असतं तेच, धुरावाटे निघून जातं. त्या धुराचा त्रास दम्याच्या रुग्णांना होतो, तो वेगळाच. 2016 च्या घनकचरा नियमांनीही उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली.

कुजणं म्हणजे नासणं, दुर्गंधी, रोगराई, हीही समजूत पक्की बसलेली आहे. दुर्गंधी येते ती हवा कोंडल्यामुळे. ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात. कचऱ्याच्या डोंगरात खोलवर हेच घडतं आणि मिथेन वायू तयार होतो. हवा खेळती असलेला ढीग मात्र तापतो. मोठ्या ढिगाच्या पोटात तापमान 55 ते 60 अंशांपर्यंत जातं आणि रोगजंतू बरेचसे तिथेच मरतात. तयार खताला येतो तो पहिल्या पावसातल्या मातीचा वास, कारण दोन्हीकडे तो गंध एकाच प्रकारचे जिवाणू निर्माण करतात.

सगळं श्रेय गांडुळाला देण्याचीही आपल्याला सवय आहे. गांडूळ, वाणी, शेणकिडे पाला-शेणाचे तुकडे करतात. पण पानाच्या शिरांतलं आणि लाकडातलं चिवट लिग्निन फोडणं प्रामुख्याने बुरशीला जमतं. म्हणून ओंडक्यावर उगवलेली छत्री दिसली की ती उपटू नये, असं मला मनापासून वाटतं. वाळवीही उगाच बदनाम आहे. तिच्या बहुतेक जातींचं अन्न म्हणजे मेलेलं लाकूड आणि वाळलेला पाला. वारूळ करणाऱ्या काही जाती तर आत बुरशीची शेती करतात. तीच बुरशी पावसाळ्यात अळंबी होऊन वर येते आणि आदिवासी पाड्यांवर तिची भाजी होते.

कुजवणाऱ्या जीवांत, म्हणजे विघटकांत, गिधाडांनाही धरलं जातं, पण ती विघटक नव्हेत. नाशिक जिल्ह्यातच हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने त्यांच्यासाठी ‘उपाहारगृह’ केलं आहे. तिथे ती मेलेली जनावरं फस्त करतात, म्हणजे ती मृतभक्षक. उरलेल्याचं मातीत रूपांतर करणारे बहुतेक जीव डोळ्यांना दिसतच नाहीत.

घरच्या खताच्या डब्यात जाड, करड्या अळ्या दिसल्या की बरेच जण सगळा डबा घंटागाडीत रिकामा करतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी चावत नाही, घरातल्या अन्नावर घोंगावतही नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. फार झाल्या तर वर सुका पाला पसरावा. विकतचं जिवाणूंचं कल्चरही लागतंच असं नाही. मूठभर जुनं शेणखत पुरतं. नाशिकच्या उन्हात ढीग वाळला की काम थांबतं, तेव्हा पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करावा.