परदेशी सून आणि आपला कायदा

शिर्डीस राहणाऱ्यास परदेशी पाहुण्यांचें नवल उरत नाहीं. परंतु अलीकडे परदेशी माणूस पाहुणा म्हणून न येतां सून अथवा जांवई होऊन येऊं लागलें आहे, आणि तेथें नवी अडचण उभी राहते.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडांत जाऊन तेथील नागरिक झाला. त्यानें ब्राझील देशांतील एका ख्रिस्ती मुलीशीं लग्न ठरविलें. आई अंथरुणास खिळलेली. तेव्हां दोघांनीं येथेंच येऊन राहावें, असा विचार होता. “गुरुजी, मी दोन्ही देशांचा नागरिक. तिला आणण्यास अडचण कसली?” असें तो मला म्हणाला.

अडचण या वाक्यांतच होती. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमान्वयें, स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेतांच भारताचें आपोआप संपतें. त्याच्याजवळ होतें तें ओसीआय कार्ड. २००५ सालीं सुरू झालेली ही सवलत. तिच्या नांवांत ‘सिटिझन’ हा शब्द घालून सरकारनें लोकांस विनाकारण चकविलें आहे, असें माझें मत आहे. या कार्डावर येथें आजन्म राहतां येतें, पण मत देतां येत नाहीं. आणि आमच्याकडील ऊसवाल्यांच्या मुलांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, कीं शेतजमीन वारशानें मिळेल, विकत घेतां येणार नाहीं.

गोव्यांतहि हाच प्रकार. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथें जन्मलेल्यांस पोर्तुगालचें नागरिकत्व मागतां येतें. पण तें पत्करिलें कीं इकडचें गेलें. त्या पासपोर्टावर पुष्कळ गोवेकर सहकुटुंब इंग्लंडांत स्थायिक झाले; २०२१ च्या आरंभापासून नव्यांस तो मार्ग बंद आहे.

असो. सुनेचें काय? भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या परदेशी पत्नीस अथवा पतीस असें कार्ड मिळूं शकतें. मात्र विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वीं सलग दोन वर्षें टिकलेला असावा.

येथेंच आमची मंडळी फसली. लग्न शिर्डींत थाटानें झालें, सप्तपदी झाली, पंगती उठल्या. नोंदणीची आठवण दीड वर्षानें झाली. हिंदु विवाह कायद्यास वधू-वर दोघेंहि हिंदु असावीं लागतात. मुलीनें धर्म बदललेला नव्हता. अखेर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडे जावें लागलें. त्यास जिल्ह्यांत आधीं तीस दिवसांचा निवास, मग नोटीस, मग आणखी तीस दिवस. दोन वर्षांची मोजणी त्या नोंदीपासून नव्यानें सुरू झाली. तोंवर मुलगी व्हिसावर. मुदत संपत आली कीं घरांतील सर्वांचे चेहरे उतरत. अशा जोडप्यानें मंगल कार्यालय ठरविण्याआधीं विवाह-अधिकाऱ्याकडे जावें, एवढेंच मी सांगेन.

भारतीय नागरिकाशीं लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीस सात वर्षें येथें राहिल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करतां येतो. या सुनेस लग्नाच्या नात्यानें तो मार्ग नाहीं, कारण नवराच नागरिक उरलेला नाहीं.

आणखी एक. घटस्फोट झाल्यास विवाहामुळें मिळालेलें कार्ड रद्द होऊं शकतें. ही गोष्ट मीं त्या मुलीस मुद्दाम समजावून सांगितली. तिला ती तोंपर्यंत कोणींच सांगितली नव्हती.