घरातील न तपासलेली रसायने : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट, स्वयंपाकघरातील प्लास्टिकचे डबे, न्हाणीघरातील ॲसिड, ट्रंकेतील डांबरगोळ्या आणि उशाशी जळणारी डासांची कॉइल यांतील रसायने एकाच घरात राहणाऱ्या माणसांच्या श्वासात, त्वचेवर आणि पोटात एकत्र येतात. त्यांची चाचणी मात्र, जेव्हा होते तेव्हा, बहुधा एकेकटी आणि थोड्या काळापुरती होते. ज्या रसायनाच्या दीर्घकालीन परिणामांविषयी पुरेशी माहिती गोळाच केली गेलेली नाही, त्याला येथे ‘न तपासलेले’ म्हटले आहे. असे रसायन घातक असेलच असे नाही, तसेच ते निर्धोक असेल असेही गृहीत धरता येत नाही. या दोन्ही बाजू एकाच वेळी ध्यानात ठेवणे कठीण असल्यामुळे लोकमत एक तर बेफिकिरीकडे झुकते किंवा भीतीकडे, आणि दोन्हीकडून गैरसमजांचे पीक येते.

गैरसमज : दुकानात विकली जाणारी वस्तू सरकारने तपासलेली असतेच.

या विश्वासाला औषधांच्या बाबतीत बराच आधार आहे. घरगुती वस्तूंच्या बाबतीत तो फार तोकडा पडतो. अमेरिकेने १९७६ मध्ये विषारी द्रव्यांच्या नियंत्रणाचा कायदा केला, तेव्हा बाजारात आधीपासून असलेली सुमारे ६२,००० रसायने कोणत्याही नव्या चाचणीविना तशीच वापरात राहू दिली गेली आणि एखादे रसायन धोकादायक आहे हे सिद्ध करण्याचा भार नियामक संस्थेवर टाकला गेला. हा भार किती जड होता, याची कल्पना ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणावरून येते. कर्करोगाशी त्याचा संबंध निर्विवाद ठरलेला असूनही १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयात बव्हंशी रद्द झाली, २०१६ मध्ये मूळ कायदाच सुधारावा लागला आणि तेथे अजूनही वापरात असलेल्या ॲस्बेस्टॉसच्या प्रकारावर बंदीचा नियम निघण्यास २०२४ साल उजाडले. युरोपीय संघाने २००७ पासून लागू केलेल्या ‘रीच’ या कायद्यात उलटे तत्त्व स्वीकारले. ते असे, की उत्पादकाने आपल्या रसायनाची माहिती नोंदवल्याशिवाय त्याला बाजारपेठ मिळणार नाही.

भारतात सर्व रसायनांना कवेत घेणारा असा एकच कायदा नाही. घरगुती कीटकनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले. फरशी पुसण्याचे द्रव, खोलीत मारण्याचे सुगंधी फवारे अशा वस्तू मात्र या कप्प्यांच्या मधल्या फटीत राहतात आणि त्यांतील घटकांची पूर्ण यादीही वेष्टनावर क्वचितच आढळते. ‘सुगंध’ या एका शब्दाखाली अनेक रसायने सामावू शकतात. युरोपच्या धर्तीवर नोंदणी बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा २०२० मध्ये तयार झाला, तो त्यानंतर बरीच वर्षे मसुदाच राहिला.

नियम झाला तरी तो जुन्या भिंतींपर्यंत पोहोचत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला, अपाय करते आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या चाळींच्या आणि वाड्यांच्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर ऑइल पेंटचे थरावर थर चढलेले असतात, आणि गणपती-दिवाळीच्या आधी रंगकाम काढले की तेच थर पॉलिश पेपरने कोरडे घासले जातात. त्या वेळी उडणारी बारीक पूड फरशीवर बसते व रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. नवा रंग शिसेविरहित आहे का, हे दुकानात आवर्जून विचारणाऱ्या घरातही जुना रंग कसा खरवडला जाणार, हा प्रश्न कारागिराला कोणी विचारत नाही. पृष्ठभाग ओला करून घासणे, ते काम चालू असताना मुलांना आणि गर्भवतीला त्या खोलीपासून दूर ठेवणे आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने लादी पुसणे, एवढी खबरदारी फारशा खर्चाशिवाय घेता येते.

गैरसमज : हिरवा त्रिकोण असलेली कॉइल निर्धोक असते.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकोनी हिऱ्याच्या आकाराचे एक चिन्ह असते आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी, अशी ही उतरंड आहे. खाद्यपदार्थावरील शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याशी किंवा ‘पर्यावरणस्नेही’ या जाहिराती विशेषणाशी तिचा काहीही संबंध नाही. ही वर्गवारी तीव्र विषारीपणावर, म्हणजे एकदाच दिलेल्या मात्रेने प्रयोगातील अर्धे प्राणी मरण्यासाठी किती द्रव्य लागते यावर बेतलेली आहे. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५,००० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर त्रिकोण हिरवा होतो. रोज रात्री आठ तास, बंद खोलीत, वर्षानुवर्षे घेतलेल्या धुराविषयी हा रंग काहीच सांगत नाही.

शिवाय कॉइलमध्ये कीटकनाशक असते ते एक टक्क्याहूनही कमी. उरलेला भाग म्हणजे लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीची पूड, पिष्ट आणि रंग. हे सारे मंद जळत राहते आणि धूर मुख्यतः त्याचाच होतो. चीन व मलेशियातील कॉइलींवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म धूलिकण हवेत सोडले जातात, तर फॉर्माल्डिहाइड या दाहक वायूचे प्रमाण ५१ सिगारेटींइतके असू शकते. या आकड्यांचा वृत्तपत्रांतून झालेला अर्थ, म्हणजे ‘एक कॉइल ओढली की शंभर सिगारेटी ओढल्यासारखे’, हादेखील एक गैरसमजच आहे; अभ्यासाने हवेत काय सोडले जाते ते मोजले होते, फुप्फुसात किती जाते ते नव्हे, आणि तो फरक खोली केवढी व खिडकी उघडी की बंद यावर अवलंबून असतो. तरीही दारे-खिडक्या लावून कॉइल पेटवण्याची रीत समर्थनीय ठरत नाही. डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, त्यामुळे केवळ डेंगीच्या भीतीने रात्रभर कॉइल जाळण्यात तर फारसा अर्थच नाही.

द्रवाच्या बाटलीच्या यंत्राने धूर होत नाही हे खरे. त्यातून कीटकनाशकाची वाफ मात्र होते, कारण तेच त्याचे काम आहे. खरा धोका अलीकडे सुट्या विकल्या जाणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांचा आहे. त्यांतील अनेकींवर कीटकनाशकाचे नाव नसते, प्रमाण नसते आणि नोंदणी क्रमांकही नसतो, त्यामुळे ‘न तपासलेले’ हे विशेषण त्यांना शब्दशः लागू पडते. मलेरिया आणि डेंगी हे प्राणघातक रोग असल्याने ‘डासनाशके वापरूच नयेत’ असा सल्ला बेजबाबदारपणाचा ठरेल. मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी आणि आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करणे हे उपाय आधी, आणि कॉइल अगदी शेवटी, असा क्रम लावणे मात्र शक्य आहे.

गैरसमज : पिढ्यान्‌पिढ्या वापरले, कोणाला काही झाले नाही.

डांबरगोळ्या हे या युक्तिवादाचे सर्वांत चांगले उदाहरण आहे, कारण काहींना खरोखरच झालेले असते आणि कारण घरात कोणाच्या लक्षात येत नाही. या गोळ्या पारंपरिकरीत्या नॅफ्थॅलिनच्या असतात. ‘जी-६-पीडी’ हे विकर, म्हणजे लाल रक्तपेशींचे रासायनिक आघातापासून रक्षण करणारे प्रथिन, काही माणसांत जन्मतः कमी असते. भारतात पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत ही उणीव तुलनेने अधिक आढळते. अशा व्यक्तीच्या शरीरात नॅफ्थॅलिन गेले की लाल पेशी फुटतात, आणि नवजात बाळ असेल तर कावीळ एवढी वाढू शकते की मेंदूला इजा व्हावी. बाळंतपणाच्या तयारीत ट्रंकेतून काढलेली जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, कुंची आणि गोधडी महिनोन्‌महिने डांबरगोळ्यांच्या सहवासात असतात. नॅफ्थॅलिन तेलात सहज विरघळते, त्यामुळे तेल लावून न्हाऊ घातलेल्या बाळाच्या त्वचेतून ते अधिक शोषले जाण्याची शक्यता असते. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या मुळीच न घालणे आणि ठेवणीतले कपडे धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय न वापरणे, हा यावरचा उपाय आहे. युरोपीय संघाने कपड्यांच्या गोळ्यांसाठी नॅफ्थॅलिनचा वापर २००८ मध्येच बंद केला.

गैरसमज : नैसर्गिक किंवा ‘हर्बल’ वस्तू सुरक्षित असते.

पारंपरिक सुरमा ज्या खनिजापासून होतो ते गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, पूर्णपणे नैसर्गिक आहे. बाळाच्या डोळ्यांत घातल्यावर त्याचे शिसे नैसर्गिक असण्याने काहीही फरक पडत नाही. उलट बाजूने पाहता, हळकुंडावर टाकणखार व लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून कुंकू करण्याची जुनी कृतीही रसायनशास्त्राचाच भाग आहे. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवाच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे, मात्र बाजारात कुंकू म्हणून मिळणारी प्रत्येक लाल पूड हळदीपासूनच झालेली असते असे नाही. सिंदुराचा लाल रंग तर काही वेळा शेंदरातून, म्हणजे शिशाच्याच एका ऑक्साइडमधून, आलेला असतो.

हळदही यातून सुटलेली नाही. बांगलादेशात हळकुंडांना तेजस्वी पिवळा रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट चोळले जात असे. संशोधकांनी हे दाखवून दिल्यावर तेथील अन्न सुरक्षा यंत्रणेने बाजारांत जाहीर इशारे दिले, व्यापाऱ्यांना दंड केले, आणि २०१९ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत आढळलेले शिसे २०२१ पर्यंत एकाही नमुन्यात उरले नाही. सावध ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता न येणारी ही भेसळ दोन वर्षांत थांबली ती तपासणी आणि दंडाने. शिशाचे ओझे किती मोठे आहे हे युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालावरून दिसते. जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीला पोहोचलेले असल्याचा आणि त्यांत भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे.

गैरसमज : ‘अमुकविरहित’ असे लिहिलेले असले की प्रश्न सुटला.

बिस्फेनॉल-ए हे पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमधील रसायन शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाची, म्हणजे रक्तातून निरोप पोहोचवणाऱ्या द्रव्याची, नक्कल करते, म्हणून बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून ते भारतीय मानकानेही हद्दपार केले. पुष्कळ उत्पादनांत त्याची जागा बिस्फेनॉल-एस या भावंडाने घेतली, आणि प्रयोगशाळेत त्याचेही वर्तन बरेचसे तसेच दिसले. ‘विरहित’ हे लेबल काय काढले ते सांगते, काय घातले ते सांगत नाही. गरम आमटी किंवा तेलकट भाजी प्लास्टिकच्या डब्यात न भरता स्टीलच्या डब्यात भरणे हे कोणत्याही लेबलापेक्षा खात्रीचे आहे.

गैरसमज : जंतुनाशक जितके जास्त, तितके घर स्वच्छ.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक हात व अंग धुण्याच्या साबणांतून काढण्यास सांगितले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो आणि दीर्घकाळ वापरात ते सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. जास्त घालण्यापेक्षाही एकत्र घालण्याची सवय घातक आहे. संडास घासण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो, आणि खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो काही मिनिटांत फुप्फुसांना इजा करू शकतो. हे दोन पदार्थ एकाच दिवशी एकाच जागी न वापरणे उत्तम.

गैरसमज : काळजी घेणारी गृहिणी घर रसायनमुक्त करू शकते.

पाणी आणि मीठ हीही रसायने असल्यामुळे रसायनमुक्त घर अस्तित्वात असू शकत नाही, हे सांगून हा मुद्दा संपत नाही. न तपासलेल्या वस्तूंची जबाबदारी घरातील बाईच्या खरेदीच्या यादीवर ढकलण्याची जी पद्धत जाहिरातींनी आणि काही आरोग्यसदरांनी रुळवली आहे, तिच्यामागे हाच समज आहे आणि तो अन्याय्य आहे. घरात करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आहेत: वस्तूंची संख्या कमी ठेवणे, सुगंधापुरती वस्तू न घेणे, हवा खेळती ठेवणे, ओल्या फडक्याने धूळ पुसणे आणि जेवणाआधी मुलांचे हात धुणे. त्यापलीकडचे काम सरकारी यंत्रणेचे असून तिच्याकडे तक्रार करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. महाराष्ट्रात काजळ, पावडर अशा सौंदर्यप्रसाधनांविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. डासांची कॉइल किंवा अगरबत्ती मात्र कायद्याने कीटकनाशक असल्यामुळे तिच्यावर नोंदणी क्रमांक नसल्यास तक्रार कृषी विभागाकडे करायची असते. तेथील कीटकनाशक निरीक्षकांना दुकानातून नमुना घेण्याचा आणि विक्री थांबवण्याचा अधिकार आहे.