तालुक्याच्या साप्ताहिकातला जुळारी

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते: मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं १८६७च्या कायद्याने सक्तीचं केलं. तो कायदा दीडशे वर्षांहून जास्त काळ टिकला. त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला तो थेट मार्च २०२४मध्ये. तालुक्याच्या साप्ताहिकांत या चारही जागांवर बहुतेक वेळा एकाच माणसाचं नाव असे. माझे मामा नगर जिल्ह्यातल्या अशाच एका साप्ताहिकात साठच्या दशकात लागले आणि छापखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. खिळे जुळवणं, मुद्रितं तपासणं, बातम्या आणणं, वर्गणी वसूल करणं, सगळं त्यांनी केलं. त्यांचं नाव त्या ओळीत कधी आलं नाही. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण संपादकांच्या नावांनी लिहिला, आणि त्यामुळे निम्मी माणसं त्यातून गळाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेड्यातल्या पत्रकारितेला नगर जिल्ह्यात मोठा वारसा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२मध्ये मुंबईत निघालं. पुढची कित्येक वर्षं वृत्तपत्र म्हणजे शहरातली गोष्ट होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केलं आणि शेतकरी-कष्टकऱ्यांचं गाऱ्हाणं छापून येऊ लागलं. त्यांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील घराण्यात दत्तक गेले आणि १९१०मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ काढलं, तेही सोमठाण्यासारख्या खेड्यातून. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागलं. १९१०मध्येच सरकारने नवा प्रेस कायदा आणला होता; नवा छापखाना घालणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागता येत होता. तेव्हाच्या खेड्यात ही रक्कम म्हणजे जमिनीच्या तुकड्याची किंमत. तरीही मुकुंदरावांनी १९६७मध्ये डोळे मिटेपर्यंत पत्र चालवलं. आमच्या आजोबांकडे ‘दीनमित्र’ येई आणि पारावर एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत होती. छापलेल्या शब्दाची ओढ मामांना तिथेच लागली.

सातवी पास मुलाला छापखान्यात आधी झाडू मिळे, मग शाई, मग केस. केस म्हणजे खिळ्यांचे खण पाडलेली लाकडी पेटी. त्यासमोर उभं राहून डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून लावायचा. अक्षरं उलटी. मराठीत ते आणखी अवघड, कारण जुन्या डिग्री पद्धतीत एक ओळ म्हणजे तीन थर: मधे अक्षरं, वर मात्रा-वेलांट्या-अनुस्वार, खाली उकार. थर जरा सरकला तर मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. मामांची बोटं न बघता खणात जात. लहानपणी मी विचारलं होतं, “मामा, तुम्हाला कुठला खिळा कुठे ते पाठ कसं राहतं?” तर म्हणाले, “पाठ नाही राहत रे, हाताला ठाऊक असतं.”

टाइप नेहमीच अपुरा. चार पानांचा अंक, पण चारही पानं एकदम जुळवण्याइतके खिळे नसत. दोन पानं जुळवून ट्रेडलवर छापायची, फर्मा सोडवायचा, खिळे धुऊन परत खणात टाकायचे आणि मग उरलेली दोन पानं लावायची. सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या दिवसांत नोटिसांची गर्दी होई आणि ‘भ’ संपे. अशा वेळी मामा बातमीतलं वाक्यच फिरवत. संपादकांनी लिहिलेलं ‘भव्य’ तिथे ‘मोठे’ होई. त्या साप्ताहिकाची भाषा साधी म्हणून तेव्हा नावाजली जायची. त्या साधेपणात मामांचा वाटा होता, हे मी आवर्जून नोंदवतो.

वर्गणीवर असं पत्र कधीच चाललं नाही. ते चाले कोर्टाच्या नोटिसांवर, सरकारी जाहिरातींच्या यादीवर आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर. १९५०मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने आले आणि अध्यक्षांच्या अभिनंदनाची पानं हा मोठा आधार झाला. त्याची किंमतही मोजावी लागली. ज्याची जाहिरात पहिल्या पानावर, त्याच्या काट्यावरची तक्रार तिसऱ्या पानावर छापायची कशी? बरीच साप्ताहिकं इथे गप्प बसली. त्यांना सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. सहा माणसांचा पगार कशातून येतो हे मी घरात पाहिलं आहे.

पण १९७२च्या दुष्काळात हेच पत्र ताठ उभं राहिलं. मामा सायकलवरून खडी फोडायच्या कामांवर जात. बायाबापड्या हजेरीपटावर अंगठे उठवत, पण पगार आठवडेच्या आठवडे अडकलेला. मामा कामाचं ठिकाण, मजुरांची संख्या, थकलेले आठवडे, सुकडी मिळाली की नाही, एवढंच टिपून आणत. आल्यावर ते कागदावर उतरवायला वेळ नसे. केससमोर उभं राहून बातमी थेट खिळ्यांतच लिहीत. अशा बातम्यांना हस्तलिखित नव्हतंच. त्यांत एकही विशेषण सापडत नाही, आणि त्या काळावरच्या कित्येक अग्रलेखांपेक्षा त्या मला मोलाच्या वाटतात.

पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं. शिशाचे खिळे किलोवर मोडीत गेले. मामांनी साठीच्या उंबरठ्यावर संगणकावर टायपिंग शिकायचा प्रयत्न केला, पण नजर साथ देईना. शेवटची वर्षं ते मुद्रितंच तपासत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या तावडीतून सहसा सुटली नाही. त्यांच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी नव्हता, पेन्शन नव्हती. पत्रकार म्हणून ओळखपत्रही कधी मिळालं नाही, कारण कागदोपत्री ते छापखान्याचे कामगार होते.

मोठ्या दैनिकांच्या फायली ग्रंथालयांत बांधून ठेवल्या जातात. तालुक्याच्या साप्ताहिकांचं तसं नाही. संपादक गेले, मुलांनी जागा विकली, फायली रद्दीत गेल्या, हे मी एकापेक्षा अधिक गावांत पाहिलं. बाजारभाव, विहिरींचं पाणी, दहावीचे निकाल, जातपंचायतीचे तंटे, कोणत्या वाडीला एसटी कधी सुरू झाली, हे दुसरीकडे कुठे छापलंच गेलं नाही. मामांच्या साप्ताहिकाच्या १९७२-७३च्या फायलीचे काही महिने त्यांनी घरी ट्रंकेत ठेवले होते. कागद काठाला तुटतो, पण अक्षर स्पष्ट आहे. आता मी त्या अंकांचे फोटो काढतो आहे, पान उलटायला भाची मदत करते. जिल्ह्यात खिळे जुळवलेली काही माणसं सत्तरी-ऐंशीत अजून आहेत. आमच्या तालुक्यातल्या दोघांशी बोलणं झालं आहे. तिसरे राहुरीकडे मुलाकडे राहतात, दिवाळी झाली की त्यांच्याकडे जायचं आहे.