मांजराचा डोळा आणि त्याचे अन्न

पानिपतजवळील काला अंब हे १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाचे स्मारकस्थान म्हणून मराठी वाचकास परिचित आहे. भोवतालचा हरियाणाचा सपाट मुलूख आज गहू, भात व ऊस यांच्या शेतीचा आहे. अशा शिवारांत बाऊल, म्हणजे रानमांजर, उंदरांच्या मागावर हिंडते. रात्री वाहनाचा झोत पडला, की प्राणी दिसण्यापूर्वी दोन हिरवट ठिपके तेवढे चमकून जातात.

हा प्रकाश डोळ्यात उत्पन्न होत नाही. डोळ्याच्या आतल्या बाजूस जालपटल असते व त्यावर प्रतिमा उमटते. मांजरात त्याच्या मागे पेशींचे अनेक थर असलेले परावर्तक पटल असते. जालपटलातून निसटलेले किरण त्यावरून परत फिरतात आणि प्रकाशग्राही पेशींना ते टिपण्याची दुसरी संधी मिळते. माणसाला लागणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे सहाव्या हिश्शात मांजराचे भागते. उलट भर उन्हात त्याची बाहुली आकसून उभी फट होते. तिचे क्षेत्रफळ १३५ पटींपर्यंत कमीजास्त होऊ शकते, माणसात ते सुमारे १५ पटच होते.

परंतु हे सारे यंत्र एका साध्या द्रव्यावर अवलंबून आहे. त्याचे नाव टॉरिन. माणसाचे शरीर ते स्वतः तयार करते; मांजराला ते पुरेसे करता येत नाही. मांस, मासळी व उंदीर यांत ते मिळते, वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते. दुधातील केसीन हेच प्रथिन देऊन पोसलेल्या मांजरांची जालपटले झिजतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखविले. शिवारातील बाऊल उंदरावर जगते, त्यामुळे तिला ही उणीव भासत नाही. दूधपोळीवर वाढविलेले घरचे लाडके मांजर मात्र, मालकाच्या प्रेमात काही कमी नसतानाही, आंधळे होऊ शकते. झीज महिनोन्महिने चालते. परिचित घरात ते मिशा व कान यांच्या साहाय्याने सफाईने वावरते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. टॉरिन दिल्यास झीज थांबते. नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. १९८७ मध्ये याच उणिवेचा हृदयरोगाशीही संबंध सिद्ध झाला.

टॉरिन पाण्यात विरघळते. मासळी उकडून पाणी फेकून दिले, तर त्याचा बराच अंश त्यासोबत जातो. ते पाणीही मांजरास द्यावे.

इतर विकारांची चिन्हे बाहेरूनही दिसतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील तिसरी पापणी वर येऊन राहणे, एकच डोळा मिटून धरणे, किंवा वृद्ध मांजराची बाहुली उजेडातही विस्फारलेली राहणे. यांपैकी शेवटच्या चिन्हामागे पुष्कळदा रक्तदाब वाढून सुटलेले जालपटल असते, आणि तेथे दिरंगाई परवडत नाही. घरातील माणसांसाठी आणलेले थेंब मांजराच्या डोळ्यात घालू नयेत. स्वच्छमंडलावर व्रण असल्यास स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तो अधिक खोल जातो.