बारदान वजा, गुणिले दोनशे

मागच्या भागात सरासरी आणि प्रमाण विचलन काढायला शिकलो. आता मूळ आकडेच कुणी गुणले किंवा त्यांतून काही वजा केलं, तर या दोघांचं काय होतं?

पीक कापणी प्रयोगात हे रोखठोक दिसतं. खटाव-माणच्या रब्बी ज्वारीचा अंदाज घ्यायला सगळं शिवार कापत नाहीत. यादृच्छिक पद्धतीनं निवडलेल्या शेतात १० बाय ५ मीटरचा तुकडा आखतात, कापतात, मळतात, धान्य तोलतात. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. वजनाला २०० नं गुणलं की हेक्टरी उत्पादन.

समजा, पाच तुकड्यांचं धान्य पोत्यासकट ३, ५, ६, ७ आणि ९ किलो भरलं. सरासरी ६, प्रमाण विचलन २. पोतं १ किलोचं. बारदान वजा केलं की सरासरी ५ होते, विचलन मात्र २ च राहतं. सगळे आकडे सारखेच खाली सरकले, एकमेकांतली अंतरं तीच. आता २०० नं गुणा. सरासरी १,००० किलो, विचलन ४००. गुणाकार अंतरंही ताणतो. विचरण, म्हणजे विचलनाचा वर्ग, तर ४ वरून थेट १,६०,००० वर जातं.

आणि बारदान वजा करायचं राहूनच गेलं तर? उत्पादन हेक्टरी २०० किलोंनी फुगेल, आणि विचलनात त्याचा मागमूसही दिसणार नाही. पाचाऐवजी पाचशे तुकडे कापले तरी नाही. मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. खटाव तालुक्यातल्या बुधमध्ये १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे याच जातीच्या चुकीमागे लागले होते. फार लहान तुकडे कापले तर कडेवरची ताटं आत धरली जातात आणि उत्पादन जास्त दिसतं, हे त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. तुकडा लहान, तेवढा कडेचा वाटा मोठा, आणि गुणकही मोठा. बंगालमध्ये लहान तुकडे वापरणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा यावर वाद झाला.

शेतकऱ्याला मात्र किलोंपेक्षा रुपयांचा हिशोब लागतो. भाव किलोला ३० रुपये धरू: सरासरी ३०,००० रुपये, विचलन १२,०००. त्यातून हेक्टरी २०,००० खर्च वजा करा (कडब्याचे पैसे इथं धरलेले नाहीत). हाती सरासरी १०,००० उरतात, विचलन तेच १२,०००. उत्पन्नाच्या ४० टक्के असलेला चढउतार नफ्याच्या १२० टक्के झाला. पहिल्या तुकड्याच्या शेतकऱ्याला ८,००० चा तोटा, शेवटच्याला २८,००० चा नफा. खर्च वजा होतो, जोखीम होत नाही. जत-आटपाडीकडचे शेतकरी ज्वारीबरोबर करडई किंवा हरभराही पेरतात, तेव्हा दोन पिकांच्या विचलनांची बेरीज कशी होते, ते पुढच्या भागात.