‘ऱ’ नापास का होतो?

‘कऱ्हाड’ हा शब्द आपण एकाच पद्धतीने लिहितो, पण संगणक तो दोन तऱ्हांनी साठवू शकतो. एकीत ‘ऱ’ हे एकच चिन्ह. दुसरीत ‘र’ आणि नुक्ता अशी दोन. आपल्याला फरक दिसत नाही, यंत्राला मात्र दिसतो.

2017 पर्यंत मॅकवर रूढ असलेली फाइल-पद्धत नावातला ‘ऱ’ फोडून ठेवायची. लिनक्स दिला तसाच ठेवतं. म्हणून फोल्डरमधली नावं ताडून पाहणारी ऑटोमॅटिक टेस्ट लिनक्सवर पास आणि अशा मॅकवर नापास! प्रोग्राम तोच, चूक कुणाचीच नाही.

विंडोजची रीत आणखी वेगळी. ओळ संपताना तिथे परंपरेने दोन चिन्हं येतात, लिनक्सवर एकच. फोल्डरचा पत्ता लिहिताना तिरकी रेघही उलटी.

म्हणून टेस्ट लिहिताना मी तीन गोष्टी पाळतो. तुलनेआधी दोन्हीकडचा मजकूर युनिकोडच्या एकाच रूपात आणतो, ओळींचे शेवटही सारखे करतो. फाइलचा पत्ता हाताने न जोडता लायब्ररीकडून बनवून घेतो. आणि प्रत्येक बदलानंतर टेस्ट तिन्ही सिस्टिमवर चालवतो.

एवढा खटाटोप कशाला? टेस्ट उगाचच नापास होऊ लागली, की ‘तिचं नेहमीचंच आहे’ म्हणत सगळे दुर्लक्ष करतात. मग ‘लांडगा आला रे’ ही हाक खरी ठरते, त्या दिवशी धावून जाणारं कुणीच उरत नाही.