खिडकी कोणत्या बाजूची?
आकाशवाट : लेखांक ५

खिडकीची जागा मिळाली की देखावाही मिळालाच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकाच विमानात, एकाच रांगेत डावीकडच्या प्रवाशाला हिमालय दिसतो आणि उजवीकडच्याला बिहारचं मैदान. गेल्या आठवड्यात आपण खिडकीच्या काचेची माहिती घेतली. आज ती खिडकी निवडायची कशी, ते पाहू.

पहिलं काम नकाशा उघडण्याचं. विमान कोणत्या दिशेला जाणार आणि आपल्याला हवं ते वाटेच्या कोणत्या अंगाला, एवढंच बघायचं. दार्जिलिंग-सिक्कीमला निघालेले पर्यटक दिल्लीहून बागडोगऱ्याला उतरतात, तीच वाट घेऊ. विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालय उत्तरेला. पूर्वेला तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला येते. म्हणून जाताना डावी बाजू, येताना उजवी. एअरबस ए ३२० आणि बोइंग ७३७ मध्ये डावीकडची खिडकी ‘ए’, उजवीकडची ‘एफ’.

शिखरं लांब असतील, ही शंका नको. साडेदहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३६५ किलोमीटरवर असतं. शिखरांची रांग त्याच्या पुष्कळ अलीकडे आहे. आधी धौलागिरी आणि अन्नपूर्णा येतात, मग बऱ्याच वेळानं एव्हरेस्टचा समूह. इथे नजर हमखास फसते, कारण आपण सगळ्यात मोठं, सगळ्यात पांढरं शिखर शोधत असतो. दक्षिणेकडून पाहताना ल्होत्से आणि नुप्त्से यांची भिंत आडवी येते. तिच्यामागून वर आलेला काळपट त्रिकोण म्हणजे ८,८४९ मीटर उंचीचं एव्हरेस्ट. जोरदार वारा बर्फ उडवून नेतो, म्हणून माथ्याचा खडक उघडा दिसतो. त्याच्या उजवीकडे सुटं उभं असलेलं टोकदार शिखर मकालू. उतरण्याच्या सुमारास ८,५८६ मीटरचं कांचनजंगा येतं. ते रुंद, अनेक माथ्यांचं असल्यानं ओळखायला सोपं.

बाजू ठरली की उन्हाचा विचार. सूर्य समोर असेल तर काचेवरचे ओरखडे झळाळतात आणि दूरचं सगळं पुसट होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे या वाटेवर ‘ए’ची खिडकी सावलीत आणि समोरचे उतार उन्हात राहतात. विमान शक्यतो सकाळचं घ्या, दिवस चढला की डोंगरांवर ढग जमू लागतात. पावसानं हवा धुऊन काढल्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम.

उरला पंख. ए ३२० मध्ये साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत खाली पाहिलं तर पंखच दिसतो. त्याच्या मागे बसलात तर इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्य भर उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावर थरथरतं तसं थरथरतं. तेव्हा पंखाच्या पुढची रांग निवडा. एटीआर विमानाचे पंख छताच्या पातळीवर असल्यानं जमीन मोकळी दिसते. बोइंग ७३७ मध्ये मात्र जपून : वातानुकूलनाच्या नळ्या भिंतीतून जातात, म्हणून काही विमानांत डावीकडच्या एखाद्या रांगेला खिडकीच नसते. जागा ठरवण्याआधी त्या विमानाचा आसन-आराखडा पाहा.

हाच हिशेब मुंबई-गोवा वाटेला लावा. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, सह्याद्री डावीकडे. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून किनारा पाहायला सकाळी ‘एफ’. दुपारनंतर सह्याद्रीसाठी ‘ए’.

पुढच्या खेपेला वेब चेक-इन करताना मिळेल ती खिडकी घेऊ नका. आधी दिशा, मग ऊन, मग पंख, या क्रमानं जागा ठरवा. पुढच्या रांगेसाठी थोडे पैसे जास्त पडले तरी द्या. हिमालयाच्या वाटेवर ते नक्की वसूल होतात.

(पुढील लेखांकात : ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती रंगीत कडं का दिसतं?)